फळ्यावरचे १९२०

१९२० म्हटले की मी फळ्यावर दोनच गोष्टी लिहीत असे: १ ऑगस्टला टिळक गेले आणि त्याच दिवशी गांधीजींची असहकार चळवळ सुरू झाली. इराकबद्दल वर्गात कधी एक शब्द बोललो नाही.

महायुद्धानंतरही इंग्रज तिथून हलेनात, म्हणून त्याच दिवसांत तिथे मोठा उठाव झाला. शिया-सुन्नी दोघेही लढले. ऑगस्टमध्ये फालुजाच्या वाटेवर शेख धारींच्या माणसांनी कर्नल लीचमनला ठार केले. पुढे २००३ साली अमेरिकी फौजा आल्या, तेव्हा सुन्नी बंडखोरांच्या एका गटाने नाव घेतले '१९२० क्रांती ब्रिगेड'. ८३ वर्षे झाली, तरी ते साल लोक विसरले नव्हते! नाव एकजुटीचे, पण काळ मात्र शिया-सुन्नी रक्तपाताचा. २००७ मध्ये यांच्यातलेच काहीजण अल कायदाशी लढायला अमेरिकनांच्या बाजूला गेले.

मला टोचते ते वेगळेच. १९२० चा उठाव मोडणाऱ्या इंग्रजी फौजेत बहुतेक शिपाई हिंदी होते. इकडे आपण स्वराज्य मागत होतो आणि तिकडे आपलीच माणसे दुसऱ्यांचे स्वराज्य चिरडत होती. पोटासाठी, हुकमाने, पण आपलीच.

असो. आता फळा नाही, म्हणून इथे लिहिले.