औषध देण्याआधी सिस्टर का थांबतात?

इंजेक्शन घेऊन आलेल्या सिस्टर केसपेपर पाहून परत फिरल्या आणि डॉक्टरांना फोन करू लागल्या, की नातेवाईक अस्वस्थ होतात. 'यांना येतं ना नीट?' अशी कुजबुज सुरू होते. खरं तर असं थांबता येणं हे नर्सिंगमधलं फार अवघड कौशल्य आहे. ते परीक्षेत मोजणं तर त्याहून अवघड.

१९६६ साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ड्युटीवरच्या नर्सला अनोळखी डॉक्टरचा फोन यायचा: अमुक रुग्णाला 'ॲस्ट्रोटेन' २० मिलिग्रॅम द्या, सही मी आल्यावर करतो. बाटलीवर स्पष्ट छापलं होतं की दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये. फोनवरून आदेश घ्यायलाही मनाई होती. तरी २२ पैकी २१ नर्स औषध द्यायला निघाल्या! त्यांना वाटेतच थांबवलं गेलं. (घाबरू नका, त्या नुसत्या ग्लुकोजच्या गोळ्या होत्या. ॲस्ट्रोटेन नावाचं औषधच नव्हतं.)

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो याच अभ्यासाचा दुसरा भाग. हाच प्रसंग नर्सिंगच्या २१ विद्यार्थिनींना कागदावर दिला, तेव्हा सगळ्यांनी लिहिलं की आम्ही औषध देणार नाही. म्हणजे लेखी परीक्षेत शंभर टक्के!

मग या नर्स बेफिकीर होत्या का? तसं नाही. १९७७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ओळखीचं औषध, व्हॅलियम, वापरलं आणि सहकाऱ्यांशी बोलायची मोकळीक ठेवली. तेव्हा १८ पैकी १६ जणींनी जास्तीचा डोस दिला नाही. औषधाची माहिती आणि विचारायला शेजारी कुणीतरी, एवढ्याने चित्र पालटलं.

परीक्षा हळूहळू बदलल्या. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डेन यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी टेबलाटेबलावर जाऊन प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा मांडली. पुढे ती नर्सिंगमध्येही आली. अमेरिकेत काम करू इच्छिणाऱ्या आपल्याकडच्या नर्सनाही द्यावी लागते ती 'एनक्लेक्स' परीक्षा एप्रिल २०२३ पासून बदलली. तिच्यात आता एकाच रुग्णाची बदलत जाणारी माहिती देऊन निर्णय विचारतात.

पण संगणकावर खेकसणारे डॉक्टर नसतात. म्हणून काही शिक्षक सरावात स्वतःच डॉक्टर बनून चुकीचा डोस सांगतात, आणि विद्यार्थिनी काय उत्तर देते ते ऐकतात.