वरच्या मजल्यावरची पहिली सीट
मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये ती विजेवर धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली. वडिलांच्या पिढीच्या गप्पा ट्राममध्ये रंगल्या. आमच्या, १९३७ पासून धावणाऱ्या दुमजली बसमध्ये. वरच्या मजल्यावरची पहिली सीट म्हणजे आम्हा पोरांचा कट्टाच! तिकीट काढलं की शेवटच्या थांब्यापर्यंत 'इथे का बसलात?' असं विचारणारं कोणी नसे. सप्टेंबर २०२३ मध्ये डिझेलवरच्या त्या बस निवृत्त झाल्या. विजेवरच्या नव्या दुमजली बस गारेगार आहेत, पण खिडक्या बंद. मेट्रो तर झटक्यात पोहोचवते. पण सोळा वर्षांच्या पोराला कुठे पोहोचायचंच नसतं. त्याला नुसतं घराबाहेर बसायचं असतं. तेवढ्यासाठी आता कॉफीचं बिल भरावं लागतं.