खानदेशचं कापड आणि युरोपचे प्रवासी

सुरतेच्या बंदरात उतरलेला युरोपीय प्रवासी सतराव्या शतकात आग्र्याकडे निघाला की त्याच्यापुढे मुख्य वाटा दोनच असत. एक अहमदाबादेवरून आणि दुसरी बुऱ्हाणपुरावरून. ही दुसरी वाट खानदेशची. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असे मुक्काम करत ती तापीच्या खोऱ्यातून पुढे सरके. या वाटेने वकील गेले, व्यापारी गेले, जवाहिरे गेले, आणि त्यांतल्या काहींनी लिहिलेल्या रोजनिशा पुढे छापल्या गेल्या. या लिखाणावर विसंबून आपल्या इतिहासलेखनात एक समज घट्ट बसला आहे. खानदेश म्हणजे दख्खन, गुजरात आणि हिंदुस्थान यांच्या मधला मुलूख. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याला नाव दिलं आणि वाट होती तोवर त्याला भाग्य होतं. हा समज मला चुकीचा वाटतो. ज्या काळात हे प्रवासी युरोप आणि आशिया ओलांडून इथे येत होते, त्याच काळात इथलं कापड त्यांच्या मुलखांपर्यंत जाऊन पोचत होतं. खानदेश हा मालाचा प्रदेश होता आणि त्या मालाने वाटेला अर्थ दिला. याची साक्ष त्याच प्रवाशांच्या लिखाणात सापडते. फक्त ते मुक्कामांची यादी म्हणून न वाचता बाजाराची नोंद म्हणून वाचलं पाहिजे.

राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी १५८३ मध्ये लंडनहून निघाला. अलेप्पो, बसरा, होर्मुझ करत तो गोव्याला पोचला आणि तिथून निसटून विजापूर, गोवळकोंड्यावरून बुऱ्हाणपुरास आला. तेव्हा खानदेशावर फारुकींचं राज्य होतं. अकबराने असीरगड घेतला तो पुढे १६०१ मध्ये. फिचने मातीच्या भिंतींची आणि गवती छपरांची घरं पाहिली, पावसाळ्यात पाण्याने भरणारे रस्ते नोंदवले. पण त्याचबरोबर इथे सुती कापड आणि रंगवलेलं कापड फार मोठ्या प्रमाणावर होतं, हेही त्याने लिहून ठेवलं. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण इंग्रजांची सुरतेची वखार त्या वेळी अजून व्हायची होती. मुघलांची छावणीही इथे पडलेली नव्हती. म्हणजे बादशाही दरबार आणि युरोपीय कंपन्या या दोन्ही मोठ्या गिऱ्हाइकांच्या आधीपासून इथले माग चालू होते.

फ्रेंच जवाहिरा झां-बाप्तिस्त ताव्हेर्निए याची साक्ष याहून मोलाची आहे. त्याचं प्रवासवर्णन १६७६ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झालं. सुरत ते बुऱ्हाणपूर हे अंतर तो १३२ कोस देतो आणि मुक्कामांची नावं फ्रेंच कानाला ऐकू आली तशी लिहितो; त्यांतली थाळनेर आणि चोपडा सहज ओळखू येतात. नवापूर हे विणकरांनी भरलेलं मोठं गाव असल्याचं तो सांगतो, आणि तिथल्या बारीक, पांढऱ्याशुभ्र, कस्तुरीसारख्या वासाच्या तांदळाचं तर मनापासून कौतुक करतो. बुऱ्हाणपुराविषयी लिहिताना तो शहर बरंच उजाड झाल्याचं आधी नोंदवतो. मग सांगतो की त्या शहरात आणि त्या सबंध सुभ्यात अतिशय पारदर्शक मलमल प्रचंड प्रमाणात तयार होते आणि ती इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते. पोलंडचं नाव इथे क्षणभर थांबून वाचावं. तापीकाठच्या काळ्या मातीतला कापूस इथल्याच हातांनी कातला गेला, विणला गेला, आणि बैलांच्या पाठीवरून, गलबतांतून, उंटांवरून पूर्व युरोपातल्या घरांपर्यंत गेला. त्या विणकरांपैकी एकाचंही नाव आपल्याकडे नाही. ज्याने त्यांचा माल पाहिला त्याचं मात्र आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं बुऱ्हाणपूरविषयी झालं. ते शहर आज मध्य प्रदेशात आहे, जळगाव-धुळ्याचा त्याच्याशी काय संबंध? उत्तर ताव्हेर्निएच्याच वाक्यात आहे. तो एकट्या शहराची गोष्ट करत नाही, सबंध सुभ्याची करतो. शहर ही पेठ होती आणि माग खेड्यापाड्यांत होते. याला बळकट आधार जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावचा आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी धरणगावला वखार घातली आणि शिवाजी महाराजांच्या फौजांनी ती लुटली. धरणगाव काही राजधानी नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीने तिथे माणसं आणि पैसा गुंतवला तो कापडाच्या खरेदीसाठी, आणि लूट करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की या मुलखात संपत्ती कुठे साठलेली आहे. दोघांचा हिशोब एकाच ठिकाणी येऊन मिळतो, आणि तो वाटेचा नसून पेठेचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परक्या माणसांच्या नजरेवर विसंबून आपला इतिहास का लिहावा? त्यांचे पूर्वग्रह होते, भाषा येत नव्हती, आणि ते घाईत होते. हे सारं खरं आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात या वाटेने बुऱ्हाणपुरास गेला. गावं सगळी मातीची, माणसाने टेकावं असं एक घर नाही, अशी त्याची तक्रार आहे. इथल्या उन्हात मातीच्या जाड भिंतींचं धाब्याचं घर किती शहाणपणाचं असतं, हे त्याला कळण्याचं कारण नव्हतं. पण शाहजादा परवेझची भेट घेऊन त्याने मागितलं काय, तर बुऱ्हाणपुरात वखारीची परवानगी. घरांबद्दल नाक मुरडणारा माणूस व्यापारासाठी मात्र इथे पाय रोवू पाहतो. म्हणून मी असा भेद करतो: हे लोक चालीरीतींबद्दल, धर्माबद्दल, स्वभावाबद्दल काय म्हणतात ते सावधपणे घ्यावं, पण काय विणलं जातं, कुठे विकलं जातं, जकात कुठे पडते, हे सांगताना त्यांना चुकणं परवडणारं नव्हतं, कारण त्यात त्यांचाच पैसा होता. शिवाय रोच्या तक्रारीतून नकळत एक कटू सत्यही निसटतं. ज्या मुलखाचं कापड कैरोपर्यंत जात होतं, त्या मुलखाची गावं त्याला गरीब दिसली. मातीचं घर हे दारिद्र्याचं लक्षण मानायचं नाही, हे धरूनही नफा विणकराच्या उंबऱ्याशी थांबत नव्हता हे उघड आहे. तो सावकार, दलाल, जकातदार आणि कंपनी यांच्यात वाटला जात होता.

तिसरा आक्षेप म्हणजे वाटच नसती तर माल गेला कुठून असता? वाटेचं ऋण मी नाकारत नाही. पण वाट सगळं काही घडवत नाही, याचे दोन दाखले आहेत. पहिला १६३० चा. त्या वर्षीच्या भीषण दुष्काळात इंग्रज प्रवासी पीटर मंडी सुरतेहून याच रस्त्याने निघाला. नंदुरबारला प्रेतांमुळे लहानसा तंबू ठोकायलाही जागा मिळेना, असं तो लिहितो. बुऱ्हाणपुरात मात्र शहाजहानची छावणी होती आणि तिच्यासाठी बाजार भरलेला होता. रस्ता उघडा होता, धान्य छावणीकडे जात होतं, आणि रस्त्याकाठची माणसं उपाशी मरत होती. वाट जवळ असणं म्हणजे वाटेवरून जाणारं धान्य आपलं असणं नव्हे. अशा संहारानंतरही पुढच्या काही दशकांत ताव्हेर्निएला सुभ्यात मलमल सापडते, ती इथल्या कापसाच्या आणि कसबाच्या जोरावर.

दुसरा दाखला रेल्वेचा. १८१८ नंतर, इंग्रजांचा अंमल आल्यावर, कॅप्टन जॉन ब्रिग्जने खानदेशचं ठाणं धुळ्याला नेलं आणि आग्रा रस्त्यावरचं ते गाव वाढू लागलं. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. चाळीसगाव, जळगाव, भुसावळ त्यावर आली आणि थाळनेर, चोपड्याची जुनी वाट मागे पडली. इतकी वेगवान वाट खानदेशला याआधी कधीच मिळाली नव्हती. तिच्यावरून काय गेलं? सरकी काढून दाबलेल्या कच्च्या कापसाच्या गाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ च्या काळात, मँचेस्टरला हिंदी कापसाची निकड भासली आणि जमिनी कापसाखाली गेल्या. कापड मात्र उलट दिशेने येऊ लागलं. जळगावची खानदेश मिल, अंमळनेरची प्रताप मिल यांनी काही काळ सूत आणि कापड इथेच ठेवलं, त्यांचं श्रेय मोठं आहे. पण गाठींच्या ओघापुढे ते थोडंच होतं. वाट सुधारली आणि प्रदेशाचं स्थान खालावलं. वाटेनेच खानदेश घडवला असता तर हे उलट व्हायला हवं होतं.

बाहेरच्यांच्या नजरेतला बदलही याच वेळचा आहे. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा घालणाऱ्या नायकाची ज्यूल व्हर्नची कादंबरी १८७२ मध्ये क्रमशः आली. त्यातली आगगाडी खानदेशातून जाते. भारतात कधी न आलेल्या व्हर्नने इथल्या नद्या बहुतेक गोदावरीला मिळवल्या आणि गाडीचा धूर कापसाबरोबरच कॉफी, जायफळ, लवंग, मिऱ्यांच्या मळ्यांवर पसरवला. गिरणा, पांझरा, वाघूर या तापीच्या नद्या आहेत, आणि लवंग-जायफळ इथे पिकत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या जवाहिऱ्याला या मुलखाची मलमल आणि नवापूरचा तांदूळ ठाऊक होता, कारण त्याला इथे व्यवहार करायचा होता. खिडकीतून पाहत जाणाऱ्याला काहीच ठाऊक असण्याची गरज उरली नव्हती.

खानदेशच्या कापडाचा हा इतिहास परक्यांच्या रोजनिशांवर फार काळ सोडून चालणार नाही. धरणगाव, एरंडोल, चोपडा, नंदुरबार, शिंदखेडा इथल्या जुन्या पेढ्या, साळी-कोष्टी-मोमीन-रंगारी घराणी यांच्याकडे वह्या, बाडं, खरेदीखतं असतील तर ती रद्दीत घालू नयेत. १९२७ पासून धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. कागद तिथे नेऊन दाखवावेत, निदान त्यांच्या प्रती तिथे ठेवाव्यात.