चर्चची मंडळी आणि बेघर कुटुंब

आश्रय देणाराची अट काय, हें पाहिल्याशिवाय आश्रयाची किंमत करतां येत नाहीं. आपल्याकडे गांवोगांवीं धर्मशाळा असत. वाटसरूनें रात्र काढावी आणि सकाळीं पुढची वाट धरावी, एवढाच त्यांचा करार. त्यांना त्याच्या चालचलणुकीची चौकशी नको आणि त्याच्या भवितव्याची काळजीहि नको. परंतु ज्याला पुढें जाण्यास गांवच उरला नाहीं, आणि ज्याच्याबरोबर बायको व तीन मुलें आहेत, अशाचें काय करावें या प्रश्नाला धर्मशाळेजवळ उत्तर नव्हतें. तो वाटसरू नव्हे, संसारी माणूस. आणि संसार एका रात्रीचा नसतो. इंग्लंड-स्कॉटलंडांत व पुढें अमेरिकेंत हा माणूस शतकानुशतकें चर्चच्या दाराशीं येऊन उभा राहिला. तेथील मंडळ्यांनीं त्याला दिलेलीं उत्तरें एकमेकांपासून फार भिन्न आहेत. कांहीं तर इतकीं कठोर, कीं त्यांना धर्माचें नांव द्यावें कीं नाहीं असा संशय पडावा. (एका चर्चच्या उपासक-समुदायाला मराठी ख्रिस्ती लोक ‘मंडळी’ म्हणतात, तोच शब्द येथें योजला आहे.)

१६०१ सालच्या कायद्यानें इंग्लंडांतील प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीवर, तेथील निराधारांच्या पोषणाचा भार टाकला. चर्चचे वॉर्डन आणि त्यांच्या जोडीला नेमलेले ओव्हरसियर यांनीं हद्दींतील मिळकतदारांकडून कर घ्यावा व तो गरिबांवर खर्च करावा. कल्पना चांगली होती. परंतु कर भरणारे आणि करावर जगणारे एकाच वेशीच्या आंत राहत असल्यामुळें, नवा गरीब वेशींत शिरूंच नये ही चिंता भरणारांस लागली, आणि १६६२ च्या कायद्यानें त्या चिंतेच्या हातीं शस्त्र दिलें. वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या घरांत बाहेरचें कुटुंब येऊन राहिलें, तर चाळीस दिवसांच्या आंत वॉर्डन-ओव्हरसियरांनीं तक्रार करावी आणि दोन मॅजिस्ट्रेटांनीं त्या कुटुंबाला त्याच्या मूळ पॅरिशमध्यें परत धाडावें, असें ठरलें. त्यानें कांहीं मागितलेलें असण्याचीहि जरूर नव्हती. पुढेंमागें मागेल एवढा संशय पुरे होई. ही तरतूद १७९५ पर्यंत चालली. अनौरस मूल जेथें जन्मे त्या पॅरिशचें गणलें जाई, म्हणून दिवस भरत आलेल्या अविवाहित स्त्रीला हद्दीपार करण्याची तर विशेष घाई असे. रविवारीं ज्या चर्चमध्यें शेजाऱ्यावर प्रीति करण्याचा उपदेश होई, त्याच चर्चचा वॉर्डन सोमवारपासून शेजारी कोणास म्हणावें हें ठरवीत बसे.

१८३४ सालीं कायदा बदलला. पॅरिशा एकत्र करून त्यांचे संघ बनविले, आणि गरिबाला मदत पाहिजे तर त्यानें वर्कहाउसमध्यें यावें असें धोरण पडलें. आंतील स्थिति बाहेरच्या हलक्यांतल्या हलक्या मजुराच्या स्थितीहूनहि नकोशी असावी, हें त्या संस्थेचें उघड तत्त्व होतें. त्यासाठीं कुटुंब फोडण्यांत आलें. पुरुष एका अंगणांत, स्त्रिया दुसऱ्या, मुलगे तिसऱ्या, मुली चवथ्या. साठीच्या पुढील नवराबायकोंना एकत्र राहूं द्यावें एवढी सवलत मिळण्यास १८४७ साल उजाडावें लागलें. माणूस ज्यांच्यासाठीं कष्ट करतो तींच माणसें त्याच्यापासून हिरावून घ्यावयाचीं, आणि मग त्याला कष्टाळू हो म्हणून सांगावयाचें, हा प्रकार त्या काळच्या मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांस विसंगत वाटला नाहीं, हें नमूद करून पुढें जाऊं.

या सरकारी मार्गाला खुद्द एका धर्मोपदेशकानें पर्याय काढून दाखविला होता, तोहि १८३४ च्या कायद्यापूर्वीं. ग्लासगो शहरांत १८१९ सालीं सेंट जॉन नांवाची नवी पॅरिश निघाली व तिचे पाळक म्हणून डॉ. टॉमस चामर्स आले. हें नांव महाराष्ट्रीय वाचकांस अगदींच परकें नसावें. पुढें १८४३ सालीं चामर्स यांच्या पुढारीपणाखालीं स्कॉटलंडांत फ्री चर्च वेगळें झालें, तेव्हां मुंबईचे डॉ. जॉन विल्सन त्या पक्षाला मिळाले. चौपाटीवरील कॉलेज ज्यांच्या नांवाचें आहे तेच हे विल्सन. सेंट जॉनमध्यें दहा हजारांच्या आसपास वस्ती होती, बहुतेक गरीब कामकऱ्यांची. शहराच्या गरीब-निधींतून आपण कांहीं घेणार नाहीं, अशी अट चामर्स यांनीं आपण होऊन पत्करली. पॅरिशचे पंचवीस भाग पाडून प्रत्येकावर एकेक डीकन नेमला, आणि त्याच्याकडे साठ ते शंभर कुटुंबें सोंपविलीं. कोणी मदत मागूं लागला कीं डीकननें आधीं पाहावें, याला काम करतां येतें काय. मग याला नातेवाईक आहेत काय. मग शेजारी कांहीं भार उचलतील काय. आणि हीं सगळीं दारें ठोठावून झाल्यावरच चर्चच्या थैलीचें तोंड सोडावें. वर्षाला १४०० पौंड खर्च येत होता तेथें २८० पौंडांत भागूं लागलें.

या आंकड्यांची पुढें शंभर वर्षें वाखाणणी झाली. आमच्या मतें त्यांत दोन अगदीं निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. थोड्या कुटुंबांना एक ओळखीचा माणूस, हा चामर्स यांचा शोध खरा मोलाचा होता. गरिबाचा पहिला आधार गरीब शेजारीच असतो, हें त्यांनीं प्रत्यक्ष आळींत फिरून पाहिलें होतें. लंडनच्या कमिशनांना तें कागदांवरून दिसलें नव्हतें. परंतु पौंड वांचले एवढ्यावरून माणूस स्वावलंबी झाला असें ठरत नाहीं. तो मागेनासा झाला एवढेंच ठरतें. डीकन ओळखीचा होता खरा, पण तो ओळखीचा परीक्षक होता. त्याच्या पुढ्यांत उभें राहून आपल्या भावानें आपल्याला हांकलून दिलें हें सांगण्यापेक्षां उपाशी निजणें पुष्कळांनीं पत्करलें असेल. एडिंबरोचे डॉक्टर विल्यम पुल्टनी ॲलिसन यांनीं १८४० सालीं चामर्स यांच्याशीं जो जाहीर वाद घातला, त्यांतील मर्म हेंच होतें. तापाच्या सांथी दारिद्र्यांतून उठतात, दारिद्र्याला कायद्याचा हक्काचा आधार पाहिजे, आणि शेजाऱ्यांच्या दयेवर तो सोंपविणें म्हणजे उपाशावर उपाशाचा भार घालणें होय, असें ॲलिसन यांचें म्हणणें. १८४५ सालीं स्कॉटलंडलाहि गरिबांचा नवा कायदा करावा लागला. त्या वादांत आम्ही डॉक्टरांच्या बाजूचे आहों. मात्र पाळकाचें पहिलें निरीक्षण डॉक्टरांनीं खोडून काढलें असें म्हणतां येणार नाहीं.

वर्कहाउसची संवय किती चिवट, याचा एक दाखला विसाव्या शतकांतला आहे. १९४८ सालीं इंग्लंडांत गरिबांचा जुना कायदा रद्द झाला आणि बेघरांना तात्पुरता निवारा देण्याचें काम स्थानिक कौन्सिलांकडे आलें. तरीहि केंट परगण्यांतील किंग हिल वसतिगृहांत १९६५ सालीं बायका-मुलांनाच प्रवेश होता. नवऱ्यानें ठराविक वेळीं भेटून परत जावें. कांहीं नवरे गेले नाहींत, बायका-मुलांजवळच राहिले, आणि कोर्टाचा हुकूम मोडल्याबद्दल त्यांतील कांहींना तुरुंग भोगावा लागला. आपल्या बायकोजवळ राहिला म्हणून नवरा तुरुंगांत, ही गोष्ट १९६६ च्या सुमाराची आहे हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. त्याच काळांत लंडनच्या नॉटिंग हिल भागांत ब्रूस केनरिक नांवाचा एक पाळक दुसऱ्या दिशेनें निघाला होता. खोलीखोलींत कुटुंब कोंबून भाडें उकळणाऱ्या मालकांचा तो मुलूख. केनरिक यांनीं १९६३ सालीं एक ट्रस्ट काढून वर्गण्या जमविल्या, पडक्या इमारती विकत घेतल्या, दुरुस्त केल्या, आणि गरीब कुटुंबांना रास्त भाड्यानें दिल्या. १९६६ च्या डिसेंबरांत ‘शेल्टर’ ही देशव्यापी चळवळ निघाली तिच्या मुळाशीं तेच होते. बेघर कुटुंबाला घर देण्याची कायदेशीर जबाबदारी कौन्सिलांवर १९७७ सालीं आली.

आतां ज्या प्रयोगासाठीं हा सारा इतिहास सांगितला त्याकडे वळूं. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बेघरांचें रूप पालटलें. पूर्वीं बेघर म्हटला कीं दारूच्या आहारीं गेलेला एकटा पुरुष लोकांच्या डोळ्यांपुढें येई. आतां मुलांचे हात धरून हिंडणाऱ्या आया दिसूं लागल्या. भाडीं चढलीं, खालच्या थरांतील मजुरी चढली नाहीं, आणि गरिबांच्या घरांसाठीं मिळणाऱ्या मध्यवर्ती सरकारच्या रकमेला कात्री लागली. न्यूयॉर्क शहरानें अशा कुटुंबांना जुन्या हॉटेलांत ठेवलें. मार्टिनिक नांवाचें असें एक हॉटेल कुप्रसिद्ध झालें. तेथील एकेका कळकट खोलीसाठीं महिन्याला हजाराहून अधिक डॉलर नगरपालिका मोजी, आणि तेवढ्या रकमेंत बाहेर बरें घर मिळालें असतें.

शेजारच्या न्यू जर्सी संस्थानांत राहणाऱ्या कॅरन ओल्सन या बाई कामासाठीं न्यूयॉर्कला जात. वाटेंत नेहमीं दिसणाऱ्या एका बेघर वृद्धेला त्यांनीं एके दिवशीं सँडविच घेऊन दिलें आणि तिच्याशीं दोन शब्द बोलल्या. पुढें आपल्या मुलांसह त्या अशा लोकांना जेवण नेऊन देऊं लागल्या. मग कळलें, कीं आपल्याच युनियन काउंटींत बेघर कुटुंबें आहेत आणि त्यांना ठेवण्यास जागा नाहीं. इमारत बांधावयाची तर पैसा आणि वर्षें हवींत. पण इमारती तर होत्याच. प्रत्येक चर्चमागें रविवारच्या शाळेच्या खोल्या, स्वयंपाकघर, दिवाणखाना, आणि आठवड्याचे सहा दिवस सगळें रिकामें. अकरा मंडळ्या पुढें आल्या. ख्रिस्ती तरुणांच्या वाय. एम. सी. ए. या संस्थेनें दिवसा बसण्या-आंघोळीची सोय केली, एका मोटार-विक्रेत्यानें स्वस्तांत गाडी दिली, आणि १९८६ च्या ऑक्टोबरांत काम सुरू झालें.

त्याची रीत अशी. एका वेळीं तीन ते पांच कुटुंबें, मिळून चौदाच्या आंत माणसें. प्रत्येक मंडळीनें त्यांना एक आठवडा ठेवून घ्यावयाचें, मग तीं पुढच्या मंडळीकडे जावयाचीं. अकरा मंडळ्या असल्या म्हणजे एकीच्या वांट्याला वर्षांतून चार-पांच आठवडे येतात. एवढें ओझें कोणत्याहि मंडळीला पेलतें. वर्गांत घडीचे पलंग मांडून प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोली देतात. बाप, आई, वयांत आलेला मुलगा, सगळीं एकत्र. (त्या वेळच्या पुष्कळ निवाऱ्यांत मोठ्या मुलग्यांना मज्जाव असे.) संध्याकाळीं मंडळींतील कोणी स्वयंपाक करून आणतें आणि त्याच टेबलावर बसून जेवतें, दोघे-तिघे रात्रीं तेथेंच निजतात. सकाळीं गाडी सर्वांना दिवसाच्या केंद्रांत नेते. तेथें टेलिफोन आहे, आणि मुख्य म्हणजे पत्ता आहे; कारण पत्त्यावांचून नोकरीचा अर्ज करतां येत नाहीं. केंद्रांतील पगारी कार्यकर्ता नोकरी, बचत, घर यांचा पाठपुरावा करतो. उपासनेला येण्याची सक्ति कोणावर नाहीं. यहुदी सिनेगॉगांनीं यजमान व्हावें, ही तर मूळच्या कल्पनेंतलीच गोष्ट.

राहणाऱ्यांना तेथें ‘पाहुणे’ म्हणतात. सेंट जॉनचा डीकन गरिबाच्या घरीं जाऊन त्याचें घर पाही. येथें गरीब मंडळीच्या घरीं येतो, आणि मंडळीचेंच घर पाहिलें जातें: भात कच्चा राहिला कीं नाहीं, पोरें रडलीं तर कोणाच्या कपाळाला आंठी पडली. जेवतां जेवतां शिक्षिका मुलाचें गणित पाहते, गॅरेजवाला बापाची बंद पडलेली मोटार पाहतो, कोणाला भाड्याची जागा ठाऊक असते. हें काम एरवीं नातेवाईक करतात. घाटावरून वा कोंकणांतून मुंबईच्या गिरणींत येणारा गडी गांवकऱ्यांच्या खोलींत उतरे आणि तेथूनच खाणावळ, जॉबर, काम यांची त्याला गांठ पडे. ती खोली नसती तर तोहि फुटपाथवरच राहता. चामर्स गरिबाला विचारीत, तुला नातलग आहेत काय? या मंडळ्यांनीं तो प्रश्न विचारण्याऐवजीं कांहीं आठवड्यांपुरते आपणच नातलग व्हावें असें योजिलें. एका काउंटींतील ही व्यवस्था १९८८ पासून इतर संस्थानांत पसरत गेली व पुढें दोनशेंच्या वर ठिकाणीं रुजली. २००३ पासून तिचें नांव ‘फॅमिली प्रॉमिस’ असें आहे.

तिच्या उणिवा झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. दर रविवारीं बिऱ्हाड पाठीवर घेणें मुलांना सोसत नाहीं. चौदा ही संख्या कोणत्याहि शहरांत तुटपुंजीच. व्यसनांत वा मारहाणींत सांपडलेलीं कुटुंबें बहुधा घेतलीं जात नाहींत, म्हणजे निवड येथेंहि आहेच, आणि निवड करणारा कितीहि सौम्य असला तरी डीकनाचा दूरचा भाऊबंदच. शिवाय नोकरी लागली तरी त्या पगारांत परवडेल असें घर गांवांत असावें लागतें, आणि तें स्वयंपाक करून आणणाऱ्या बायांच्या हातीं नाहीं. केनरिक यांना जें १९६३ सालीं उमगलें तें येथें कांहींसें उशिरां उमगलें. २०२० च्या महामारींत चर्चच्या खोल्यांतून अनोळखी माणसें एकत्र ठेवणें अशक्य झालें, कुटुंबांना हॉटेलांत हलवावें लागलें. आणि त्यानंतर अनेक ठिकाणीं फिरता आठवडा सोडून एकाच जागीं कायम निवारा देण्याकडे, आणि घर सुटण्यापूर्वींच थकलेल्या भाड्याला हातभार लावण्याकडे, कामाचा ओढा वळला.

जमीन मात्र मंडळ्यांजवळ पूर्वींपासून आहे. कॅलिफोर्निया संस्थानानें २०२३ सालीं एक कायदा केला. शहराच्या बांधकाम-नियमांत त्या जागीं घरांना परवानगी नसली, तरी धर्मसंस्थांना आपल्या मालकीच्या जमिनीवर कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीं घरें बांधतां यावींत, अशी त्यांत तरतूद आहे. १ जानेवारी २०२४ पासून ती अंमलांत आली. अशा जमिनींपैकीं पुष्कळ ठिकाणीं सध्यां रविवारीं उपासनेला येणाऱ्यांच्या मोटारी उभ्या राहतात.