बंबाच्या घराण्यातील दत्तक

प्रतापराव गुजरांच्या 24 फेब्रुवारी 1674 च्या रणामुळे ज्याचे नाव इतिहासाच्या दप्तरी कायमचे रुजू झाले, त्या गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीस पावसाळ्याचे चार महिने स्नानाच्या ऊन पाण्याची तजवीज करणे, हा गृहिणीच्या कारभारातला मोठा जिकिरीचा विषय असे. न्हाणीच्या चुलीवरील हंडा हा या घराण्याचा मूळ पुरुष; त्याच्या मागून आला तो तांब्याचा बंब, ज्याच्या मधोमध उभ्या नळीत विस्तव आणि सभोवार पाणी अशी रचना असल्यामुळे अग्नीची धग, बाहेर उधळली न जाता, बव्हंशी पाण्याच्याच पदरी पडत असे. ही योजना करणारा तांबट कोण होता हे कोणी लिहून ठेवले नाही. पण उष्णतेचा जमाखर्च त्याला पुरता उमगला होता, एवढे निश्चित. बंबाचे दुखणे त्याच्या रचनेत नव्हतेच, ते सरपणात होते: श्रावणात बंबफोड ओली, शेणी सर्दावलेल्या, आणि घरभर धूर. पुढे विजेचा गिझर आला, आणि त्याच्या मागोमाग गच्चीवरचा सौर बंब.

या घराण्यात आता दत्तक येऊ पाहणाऱ्या हीट पंपाचे गोत्र मात्र निराळे आहे. कारण तो उष्णता निर्माण करीत नाही, असलेली उष्णता एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवतो. फ्रान्सच्या सादी कार्नो याने 1824 साली उष्णतेच्या प्रेरक शक्तीचा विचार मांडला. 1834 मध्ये जेकब पर्किन्स याने, द्रवाची वाफ करून व ती पुन्हा दाबून थंडी उत्पन्न करणाऱ्या यंत्राचे पेटंट लंडनमध्ये घेतले. आणि 1852 मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी तेच तत्त्व उलटे फिरवून इमारती तापविता येतील असे प्रतिपादन केले. ऑस्ट्रियाच्या पीटर फॉन रिटिंगर याने त्याच दशकात एबेनझे येथील मिठागरात निघालेली वाफ दाबून पुन्हा कामास लावली. 1938 साली झुरिकचे नगरगृह लिमाट नदीच्या गार पाण्यातून काढलेल्या उष्णतेवर ऊबदार झाले. गार पाण्यातून ऊब काढावी, हे ऐकताना आजही अचंबा वाटतो; परंतु फ्रिजच्या पाठीमागे हात धरून पाहणाऱ्यास त्यात चमत्कार दिसणार नाही, कारण आतल्या दुधाभाजीची उष्णताच तेथे बाहेर येत असते.

1973 च्या तेलटंचाईनंतर जळणाचे भाव कडाडले, तेव्हा अमेरिकेत, जेथे घरोघरी ऊन पाण्याची मोठी टाकी आधीपासूनच उभी होती, ती मोडीत न काढता तिलाच जोडता येईल असा सुटा हीट पंप करण्याकडे कारागिरांचे लक्ष गेले. टाकी जुनी आणि कर्तापुरुष नवा, असे हे दत्तकविधान. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव 1884 साली दत्तक येऊन शाहू छत्रपती झाले, त्या मुलखाला याचे विशेष नवल वाटू नये.

नेसरीसारख्या गावी हे दत्तक विजेच्या गिझरपेक्षा सौर बंबाच्या टाकीलाच अधिक शोभते, असे माझे मत आहे. ऊन पाण्याची सर्वाधिक गरज असते त्याच दिवसांत सूर्य दडी मारतो. उलट ज्या पावसाळ्यात सौर बंब निरुपयोगी ठरतो, त्याची दमट हवाच या यंत्राचे भांडवल, कारण हवेतील बाष्प त्याच्या गार नळ्यांवर निवळताना आपली उष्णता त्याच्या स्वाधीन करते. हिशेबच मांडायचा तर, शंभर लिटर पाणी 20 अंशांवरून 50 अंशांवर नेण्यास विजेच्या कॉइलला सुमारे साडेतीन युनिटे लागतात; हीट पंपाने विजेच्या तिप्पट उष्णता दिली, आणि उबदार हवेत तो तेवढी देतो, तर तेच काम सव्वा युनिटाच्या आत उरकते.

जोडणी फार अवघड नाही, पण ती विचाराने करावी लागते. टाकीत गार पाणी तळाशी आणि ऊन पाणी वर राहते. म्हणून तळाच्या तोंडातून पाणी घ्यावे, लहानशा पंपाने यंत्रातून फिरवावे आणि मध्याच्या वर परत सोडावे. ही तोंडे उलटी झाली तर वर साठलेले ऊन पाणीच यंत्राकडे जाते आणि वीज व्यर्थ खर्च होते. तांब्याची नळी लोखंडी नळीला थेट भिडवली तर लोखंड लवकर गंजते. मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा हवा. टाकीची हवेची नळी अथवा सुरक्षा व्हॉल्व्ह असेल तो कोणत्याही सबबीवर बंद करू नये. यंत्र मोकळ्या हवेत, पण पत्र्याच्या आडोशाला असावे, आणि त्यातून ठिबकणाऱ्या पाण्याला वाट काढून द्यावी. टाकीतील जुनी विजेची कॉइल काढून टाकण्याचे कारण नाही. यंत्र 55 अंशांवर आणि कॉइल 45 वर लावून ठेवली, म्हणजे पहिले कमी पडेल तेव्हाच दुसरी कामावर येते.

ज्यांच्या न्हाणीघरात भिंतीवर पंधरा लिटरचा गिझर टांगलेला आहे आणि गच्चीवर टाकी नाही, त्यांनी मात्र या खटपटीत पडू नये; एवढ्या थोड्या पाण्यासाठी यंत्राची किंमत वसूल होत नाही.