पाटल्यांचा हिशेब

‘ख्रिस्ती लोकांचं बरं असतं. आठवडाभर हवं ते करा, शनिवारी फादरच्या कानात सांगा, रविवारी पाटी कोरी.’ पुण्यातल्या शिकल्या-सवरल्या घरांत हे वाक्य चहाबरोबर येतं. पाठोपाठ शेपूटही असतं: ‘आपल्याकडे मात्र कर्म भोगूनच संपवावं लागतं.’

आधी शेपूट पाहू. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पाप फेडण्याचे उपाय सांगताना तपाच्याही आधी ‘ख्यापन’ येतं, म्हणजे केलेलं स्वतःच्या तोंडाने सांगणं, मग अनुताप. भांडारकर संस्थेने काढलेल्या पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड (१९५३) पातक आणि प्रायश्चित्त यांपासूनच सुरू होतो. कबुली काही पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरलेली नाही.

आणि भोगण्याचं म्हणाल, तर १८९० साली याच शहरात, पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पुढे आलेल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, झालं. तिथे हजर असलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. चहा पिणं पाप आहे असं त्यांना वाटत होतं म्हणून नव्हे, मित्रांची अडचण सुटावी म्हणून. दुखावलेला माणूस नाही, पश्चात्ताप नाही, तरी विधी यथासांग. स्वस्त सुटका म्हणायची तर हिलाही म्हणावी लागेल.

आता मूळ आक्षेप. कॅथलिक शिकवणीत नुसतं सांगणं पुरत नाही. खरा पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा. तो नसेल तर धर्मगुरू पापमुक्ती नाकारू शकतो. शिवाय नुकसान भरून द्यायला हवं. लाटलेलं परत करण्याची ऐपत असून जो परत करत नसेल, त्याचा पश्चात्ताप सोंग आहे, असं संत ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वीच बजावलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर वेदीपाशी आलेल्या माणसाला आधी भावाशी समेट करायला परत धाडलं आहे. त्याच शुभवर्तमानात प्रभूच्या प्रार्थनेतल्या अपराधासाठी मूळ ग्रीक शब्द ‘ऋण’ या अर्थाचा आहे. हिशेबी पुणेकराला हे कळायला जड जाऊ नये.

समजा, थोरल्याने आईच्या पाटल्या न विचारता मोडल्या आणि पैसे धंद्यात घातले. कबुलीच्या पडद्याआड तो हे सांगेल, आणि फादरच्या तोंडून ते कधीच बाहेर येणार नाही. तो नियम कडक आहे. पण क्षमेने पाटल्या परत येत नाहीत. त्या, किंवा त्यांची किंमत, आईच्या हातात जायलाच हवी.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. आईला सांगण्यापेक्षा परक्याला सांगणं सोपं, आणि कित्येकजण तिथेच थांबतात. प्रोटेस्टंटांचा पडद्याला विरोध होताच. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनातल्या मुली सगळ्यांदेखत रडून आपले अपराध सांगत होत्या. पण असं उघड्यावर सांगणंही प्रत्येक घराला झेपेल असं नाही.

तरी स्वस्त क्षमेचं खरं दुकान देवळात नाही, आपल्या स्वयंपाकघरात आहे. ‘जाऊ दे, घरचाच आहे.’ काय झालं ते कोणी बोलायचं नाही, आणि माफी आपोआप. भाषाही साथ देते. ‘माझं चुकलं’, ‘हातून घडलं’. कर्ता अलगद बाजूला. मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, सुरुवातीला मात्र छातीवर हात मारून, दोष माझाच, असं प्रथमपुरुषी म्हणावं लागतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या मिस्साग्रंथात तर करायचं ते न केल्याचीही कबुली घातली आहे. आजारी आत्याला फोन न करणं त्यात येतं. मला ही भर फार मोलाची वाटते.

थोरला दिवाळीला पेढे घेऊन येतो, वाकून नमस्कार करतो. आई आशीर्वाद देते. पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या हे तिला तोंडपाठ आहे. विचारत कोणी नाही.