आखाती युद्ध लक्षणसमूह

१९९०–९१ मध्ये इराणच्या आखातातील युद्धावरून परतलेल्या सैनिकांत आढळलेला चिरकारी विकार. सततचा थकवा, डोकेदुखी, सांधे व स्नायू यांतील वेदना, विस्मृती, निद्रानाश, पुरळ व पचनाच्या तक्रारी ही त्याची प्रमुख लक्षणे होत. नेहमीच्या तपासण्यांत दोष दिसत नसल्याने या तक्रारी दीर्घकाळ मानसिक ताणाच्या सदरात टाकल्या गेल्या.

असे विकार पूर्वीही आढळले होते. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांची धडधड, धाप व छातीतील वेदना यांचे वर्णन जेकब मेंडेझ दा कॉस्ता यांनी १८७१ मध्ये केले. पहिल्या महायुद्धातही हा विकार हजारो सैनिकांत दिसला. आखाती युद्धात मात्र रासायनिक द्रव्यांशी आलेला संपर्क ही विशेष बाब होती. सोमान या विषारी द्रव्यापासून बचाव म्हणून सैनिकांना पिरिडोस्टिग्मीन ब्रोमाइडच्या गोळ्या दिल्या होत्या. तंबूंत व कपड्यांवर कीटकनाशके वापरली जात. कुवेतमधील ६०० हून अधिक पेटत्या तेलविहिरींचा धूर होता तो वेगळाच. मार्च १९९१ मध्ये इराकमधील खमिसिया येथील दारूगोळा अमेरिकन सैन्याने उडवून दिला. त्यातील काही अग्निबाणांत सॅरिन हे विष होते, ही गोष्ट अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९६ मध्ये मान्य केली.

सॅरिन, पिरिडोस्टिग्मीन व अनेक कीटकनाशके यांची क्रिया एकाच ठिकाणी होते. तंत्रिकांचे संदेश वाहणाऱ्या ॲसिटिलकोलिनाचे विघटन करणारे एंझाइम ती रोखतात. अमेरिकन शासनाच्या संशोधन सल्लागार समितीने २००८ मध्ये या गोळ्या व कीटकनाशके यांना कारण ठरविले. युद्धावर गेलेल्या सु. सात लाख अमेरिकन सैनिकांपैकी किमान एकचतुर्थांश पीडित असल्याचा तिचा निष्कर्ष होता. क्षीणित यूरेनियमाचा संशय २०२१ मधील मूत्रपरीक्षणांनी बराच दूर केला.

तथापि कोणी किती गोळ्या घेतल्या, कोणाचा कशाशी व किती संपर्क आला, याच्या पुरेशा नोंदी ठेवल्या गेल्या नाहीत. रॉबर्ट हेली व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये सॅरिनाचे विघटन मंदगतीने करणारा जनुकप्रकार व हा विकार यांचा संबंध दाखविला. पण त्यांनाही संपर्काचे गमक म्हणून सैनिकांना आठवणाऱ्या विषवायूच्या भोंग्यांवरच विसंबावे लागले. आजाऱ्याचे निवृत्तिवेतनही अशाच पुराव्यावर अडत असे. १९९४ च्या अमेरिकन कायद्याने निदान न झालेल्या चिरकारी आजारासही भरपाई देण्याची तरतूद केली.